गाजर गवत, काजूचा चीक, बिब्बा: अंगावर उठतं ते नेमकं काय?

बांधावरून

दरवर्षीचं ठरलेलं चित्र. पहिल्या पावसानंतर बांधावर, पडीक प्लॉटवर, रुळांच्या कडेला गाजर गवत फुटतं. महिन्या-दीड महिन्यात त्यावर पांढरे ठिपके दिसायला लागतात, आणि पुढे पापण्या सुजलेली, मान काळवंडून जाड झालेली, कोपराच्या खळग्यात चिघळलेली माणसं औषधाच्या दुकानात रांग लावतात. सेटिरिझिन (ॲलर्जीवरची नेहमीची गोळी) घेतलं जातं, उतार पडत नाही. मग 'रक्त बिघडलंय', 'उष्णता आहे', 'वांगी सोडा' वगैरे सुरू होतं.

कोकणात हीच गत काजू फोडणाऱ्या हातांची आणि आंबा उतरवणाऱ्यांच्या तोंडाची. देशावर बिब्बा लावून पाय उतलेल्यांची. या सगळ्यांबद्दल एकाच ठिकाणी लिहावं म्हणून हा धागा. तीन प्रश्नांपासून सुरुवात करू:

वीस वर्षं खुरपणी करणाऱ्याला काही होत नाही आणि एकविसाव्या वर्षी अचानक का होतं?
सेटिरिझिन का चालत नाही?
गवत, काजू आणि बिब्बा एकाच माळेचे मणी आहेत की वेगवेगळे?

---

पेशीपुराण

दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात पहिल्याचंही उत्तर आहे, म्हणून तिथून सुरू करतो.

'ॲलर्जी' हा शब्द व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के या बालरोगतज्ज्ञाने १९०६ साली काढला. त्याला म्हणायचं होतं एवढंच की एखाद्या पदार्थाची एकदा ओळख झाल्यावर शरीराचं वागणं बदलतं. आज आपण या एका शब्दाखाली निदान दोन अगदी निराळ्या गोष्टी कोंबतो.

पहिली पटकन येणारी. कोळंबी खाल्ली आणि दहा मिनिटांत ओठ सुजले, झाडलोट केली आणि शिंका सुरू झाल्या, ही त्यातली. इथे शरीराने त्या पदार्थातल्या प्रथिनाविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडं आधीच बनवून ठेवलेली असतात. ती त्वचेतल्या, नाकातल्या, आतड्यातल्या मास्ट पेशींवर जाऊन बसतात. पदार्थ पुन्हा आला की शेजारशेजारच्या दोन आयजीईंना एकदम धरतो, मास्ट पेशी फुटल्यासारखी रिकामी होते आणि हिस्टामिन बाहेर पडतं. काम मिनिटांत होतं. सेटिरिझिन हिस्टामिनची जागा अडवतं, म्हणून इथे ते चालतं.

दुसरी उशिरा येणारी, आणि धाग्याचा विषय तीच आहे. यात आयजीईचा संबंध नाही, हिस्टामिनचा जवळजवळ नाही. काम करतात टी-पेशी, म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार. त्यांना काखेतल्या-मानेतल्या गाठींतून निघून त्वचेत पोचायला, जमाव करायला वेळ लागतो, म्हणून पुरळ २४ ते ७२ तासांनी उठतं. इथे सेटिरिझिन घेणं म्हणजे पाणी एका पाटातून चाललंय आणि आपण दुसऱ्याच पाटाचं दार लावतोय.

दोन्ही प्रकार खरोखर वेगळे आहेत हे दोन जुन्या प्रयोगांवरून कळतं. १९२१ साली प्राउस्निट्झने आपल्या सहकाऱ्याच्या, क्युस्टनरच्या रक्तातला द्रव स्वतःच्या त्वचेत टोचून घेतला. क्युस्टनरला माशांची ॲलर्जी होती. दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला तर गांध उठली. म्हणजे पहिला प्रकार द्रवातून, पेशींशिवाय, दुसऱ्याच्या अंगात जातो. १९४२ साली लँडस्टायनर आणि चेस यांनी गिनीपिगवर संपर्क-ॲलर्जीचा तसाच प्रयोग केला. रक्तातल्या द्रवाने काही झालं नाही, पेशी दिल्या तेव्हाच ती दुसऱ्या प्राण्यात गेली.

---

शंकासूर

दुसरा प्रकार सुरू कसा होतो? गवताला हात लावला आणि टी-पेशी चिडल्या, एवढंच?

---

पेशीपुराण

नाही, मधे बऱ्याच पायऱ्या आहेत.

गाजर गवतात पार्थेनिन नावाचं रसायन असतं. पानावर, खोडावर आणि फुलाच्या बोंडावर जी बारीक लव दिसते, तिच्यात ते भरलेलं असतं. त्याचा रेणू अगदी लहान, २६२ डाल्टनचा (डाल्टन म्हणजे रेणूचं वजन मोजायचं माप). सर्वसाधारण नियम असा की ५०० डाल्टनपेक्षा मोठी वस्तू धड त्वचेच्या वरच्या थरातून आत शिरत नाही. पार्थेनिन सहज शिरतं.

पण एवढ्याशा रेणूची दखल प्रतिकारसंस्था घेत नाही. तो आपल्याच त्वचेतल्या प्रथिनांना रासायनिक बंधाने चिकटतो (पार्थेनिनच्या एका टोकाला गंधकवाल्या अमिनो आम्लाला पकडणारा आकडा असतो), आणि आपलंच प्रथिन परक्यासारखं दिसायला लागतं. अशा चिकटू रेणूला हॅप्टेन म्हणतात.

त्वचेत लँगरहान्स पेशी पहाऱ्यावर असतात. त्या हे बिघडलेलं प्रथिन उचलतात, काखेतल्या किंवा मानेतल्या गाठीत नेतात आणि तिथल्या टी-पेशींना दाखवतात. ज्या टी-पेशीला तो तुकडा नेमका बसतो, तिची पैदास सुरू होते. या तयारीला साधारण १० ते १४ दिवस लागतात आणि तेवढ्यात बाहेर काहीच दिसत नाही. तयार झालेल्या स्मृती-पेशी मग रक्तात आणि त्वचेत वर्षानुवर्षं राहतात. पुढच्या वेळी तोच रेणू आला की तयारी नव्याने करावी लागत नाही.

आता वीस वर्षांचं कोडं. प्रत्येक स्पर्शाने तयारी होतेच असं नाही. किती रसायन, किती चौरस इंचावर, त्वचा अखंड की भेगाळलेली, घाम किती, यावर ते ठरतं. शरीरात 'याला सहन कर' असं सांगणाऱ्या नियामक टी-पेशीही असतात, त्या बराच काळ तोल राखतात. एखाद्या हंगामात हात साबण-सोड्याने फुटलेले असतात किंवा सलग पंधरा दिवस फुलावर आलेलं गवत उपटलं जातं, आणि तोल जातो. त्यामुळे 'इतकी वर्षं काही झालं नाही' हा पुढे काही होणार नाही याचा पुरावा नव्हे. उलट, संपर्काची वर्षं वाढतील तशी शक्यता वाढते.

---

त्वचेचा वही-खाता

वर छान लिहिलंय. आता अंगावर हे कसं ओळखायचं ते.

गाजर गवताचा त्रास बहुतेकदा हात लावून नाही, हवेतून होतो. वाळलेल्या झाडाचे सूक्ष्म तुकडे आणि लव वाऱ्याबरोबर येऊन उघड्या अंगावर बसतात. म्हणून पुरळाची जागा ठरलेली: वरच्या पापण्या, कपाळ, मानेचा पुढचा त्रिकोण, कानामागे, हनुवटीखाली, कोपराच्या आणि गुडघ्यामागच्या खळग्यात. खळग्यातच का? घामाने धूळ तिथे साचते आणि घासली जाते.

उन्हाच्या ॲलर्जीशी याची गल्लत होते. फरक बघायला कान दुमडून मागे बघा आणि हनुवटी वर करून खाली बघा. तिथे सावली असते, ऊन पोचत नाही. निव्वळ उन्हाचा त्रास असेल तर या दोन जागा आणि वरच्या पापण्यांची घडी बऱ्याच स्वच्छ राहतात. हवेतून येणाऱ्या कणांना सावली-ऊन सारखंच, म्हणून त्या जागाही सुजतात.

गोम अशी की जुन्या रुग्णांमध्ये काही वर्षांनी खरोखरच ऊनही सोसेनासं होतं. सुरुवातीला पावसाळ्यात वाढणारा आणि थंडीत ओसरणारा आजार मग बारमाही होतो आणि कपाळावरची कातडी जाड, घड्या पडलेली दिसते. या टप्प्यावर नुसतं गवत काढून भागत नाही.

ही खरूज नाही, संसर्ग नाही. फोडातलं पाणी दुसरीकडे लागून पुरळ पसरत नाही. आज मनगटावर, परवा पोटावर उठतं याचं कारण पातळ कातडी लवकर पेटते आणि जाड कातडी उशिरा. शिवाय नखात आणि शर्टाच्या कॉलरवर राहिलेला माल रोज नव्याने लागत असतो.

---

शंकासूर

रक्ताची 'ॲलर्जी प्रोफाइल' नावाची तपासणी करतात ती करावी का? हजारोंचं बिल होतं म्हणून विचारतोय.

---

त्वचेचा वही-खाता

या आजारासाठी नाही. त्या तपासणीत आयजीई मोजतात आणि इथे आयजीईचं काम नाही. गाजर गवताच्या परागाने शिंका येत असतील तर तो निराळा, पहिल्या प्रकारातला प्रश्न. एकाच गवताने दोन माणसांना दोन वेगळे आजार होऊ शकतात, कधी एकालाच दोन्ही.

कातडीसाठी करायची ती पॅच टेस्ट. पद्धत १८९० च्या दशकात याडासोनने घातली, मूळ गाभा अजून तोच आहे. ॲल्युमिनियमच्या बारीक वाट्यांत ठरावीक तीव्रतेचे अर्क भरून पाठीच्या वरच्या भागावर चिकटवतात. ४८ तासांनी पट्टी काढतात, अर्धा तास थांबून बघतात आणि ७२ ते ९६ तासांनी पुन्हा बघतात. दुसरं बघणं टाळून चालत नाही. पहिल्या दिवशी नुसती चुणचुण झालेली जागा नंतर ओसरते, आणि खरी ॲलर्जी नंतर चढते.

तयारी अशी: पाठीवर आठवडाभर स्टिरॉइडचं मलम नको. पोटातून स्टिरॉइड चालू असेल तर आधी सांगायचं. दोन दिवस पाठ ओली करायची नाही, घाम येईल असं काम नाही. पुरळ भरात असताना टेस्ट नको, कारण मग पाठ कशालाही लाल होते. सेटिरिझिन मात्र चालू ठेवता येतं. सुईने टोचून करायची जी दुसरी टेस्ट असते, जी १५ ते २० मिनिटांत वाचतात, तिच्या आधी ते ५ ते ७ दिवस बंद ठेवावं लागतं. या दोन टेस्टच्या सूचनांची अदलाबदल फार होते.

आणि घरच्या घरी गवताचं पान दंडावर बांधून बघू नये. मात्रा ठाऊक नाही, कातडी भाजू शकते, आणि ज्याला ॲलर्जी नव्हती त्याला त्यातूनच लागू शकते.

---

कुळागर

आता काजूकडे. काजूच्या बीचं कवच दुहेरी असतं आणि दोन थरांमध्ये मधाच्या पोळ्यासारखी घरं असतात. त्यात तेल. कवचाच्या वजनाचा चौथा ते तिसरा हिस्सा हे तेलच भरतं. त्यातली ॲनाकार्डिक आम्ल आणि कार्डोल ही द्रव्यं दुहेरी मार देतात. पहिला मार भाजण्याचा, तो कोणालाही बसतो आणि लगेच बसतो. दुसरा ॲलर्जीचा, तो तयारी झालेल्यालाच.

ओले काजूगर काढताना पहिला मार जास्त. कोवळ्या बीचा चीक बोटांना लागून कातडी काळी पडते आणि पापुद्रे निघतात. कोकणात बोटांना आधी तेल चोळून मग राख लावायची पद्धत आहे आणि ती शहाणपणाची आहे. तेल आधी लावलं तर ते कातडीच्या भेगा भरतं आणि राख चीक शोषते. तेच तेल चीक लागल्यानंतर चोळलं तर चीक विरघळून मोठ्या जागेवर पसरतो. क्रम उलटा झाला की औषधाचं विष होतं.

पातळ डॉक्टरी रबरी हातमोजे फारसे कामाचे नाहीत, तेलकट चीक त्यातून हळूहळू झिरपतो आणि मग आत घामात कोंडून राहतो. आत सुती आणि वर जाड नायट्राइल किंवा पीव्हीसी, आणि फाटला की लगेच बदल. भट्टीवर भाजताना धुराच्या तोंडाशी उभं राहू नये. त्या धुरात तेलाचे थेंब असतात, डोळे आणि घसा धरतो.

---

तणकट

@कुळागर, भाजलेले काजू खाताना हा त्रास होतो का?

---

कुळागर

नीट सोललेला, भाजलेला गर असेल तर कवचाचं तेल त्यावर नसतं. नीट न सोललेल्या, कवचाचे तुकडे राहिलेल्या काजूने ओठ आणि गुदद्वाराभोवती पुरळ येऊ शकतं.

इथे एक गोष्ट ठळक लिहायला हवी. काजूच्या दोन ॲलर्जी आहेत आणि त्यांचा एकमेकींशी संबंध नाही. कवचाच्या तेलाची टी-पेशींची, ती दोन दिवसांनी खाजते. आणि गरातल्या प्रथिनांची आयजीईची, ती मिनिटांत अंगावर गांधी, उलटी, घसा आवळणं, रक्तदाब कोसळणं इथवर जाते. दुसरी असलेल्या माणसाला पिस्त्यानेही तेच होण्याची शक्यता मोठी, कारण प्रथिनं सारखी आहेत. काजू फोडून हात फुटतात म्हणून काजूकतली सोडायची गरज नाही. पण काजूकतली खाऊन ओठ सुजले तर 'उष्ण पडलं' म्हणून सोडून द्यायचं नाही.

---

औषधपेटी

काजूच्या गराच्या, मिनिटांत येणाऱ्या ॲलर्जीबद्दल दोन ओळी, कारण तिथे वेळ नसतो. अंगभर गांधी आणि त्याबरोबर धाप, आवाज बसणं, भोवळ किंवा वारंवार उलटी असेल तर औषध एकच: ॲड्रिनालिन. मोठ्या माणसाला १:१००० तीव्रतेचं ०.५ मिलिग्रॅम, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत. माणसाला आडवं ठेवायचं, पाय वर, धाप असेल तर बसतं. एकदम उभं करायचं नाही. सेटिरिझिन आणि स्टिरॉइडचं इंजेक्शन नंतर, ॲड्रिनालिनच्या जागी नव्हे. आणि बरं वाटलं तरी दवाखान्यात काही तास थांबायचं, काहींना दुसरी लाट येते.

---

शंकासूर

बिब्ब्याचं कोणी काही लिहिलंच नाही. आमच्याकडे भेगांना, काटा मोडल्यावर, सांधा धरल्यावर बिब्बाच. सगळं वाईट आहे का?

---

कुळागर

बिब्बा, काजू आणि आंबा ही तिन्ही झाडं एका कुळातली. अमेरिकेतली पॉयझन आयव्ही नावाची वेलही त्याच कुळातली. चौघांच्या चिकात लांब शेपटीची, फिनॉल जातीची द्रव्यं आहेत आणि टी-पेशीला त्यांच्यात फारसा फरक दिसत नाही. म्हणून एकाने तयारी झाली की दुसऱ्याने पेटतं. काजू-आंब्याच्या मुलखातून तिकडे गेलेल्या माणसाला पॉयझन आयव्हीच्या पहिल्याच स्पर्शाने पुरळ उठू शकतं, आणि तिकडे वेलीने पोळलेल्याला इकडे आंब्याच्या सालीने ओठ फुटू शकतात.

बिब्ब्याचं तेल या सगळ्यांत जहाल. दिव्यावर तापवून सुईच्या टोकाने ठिपका देतात तेव्हा मात्रा कोणाच्या हातात नसते. बिब्बा उतला की आधी भाजल्यासारखा फोड, मग दोन-तीन दिवसांनी त्याच्याभोवती लांबवर लाल पुरळ. फोड हा भाजण्याचा आणि भोवतालचं पुरळ ॲलर्जीचं. पुढच्या खेपेला तेवढ्याच ठिपक्याने जास्त उततो, तेव्हा 'बिब्बा कडक होता' असं म्हणतात. कडक झालेल्या असतात टी-पेशी.

परीट कपड्यांवर बिब्ब्याने खुणा करत, तीही पुरेशी. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानातल्या अमेरिकन सैनिकांच्या मानेवर आणि कमरेवर, बरोबर खुणेच्या जागी, असं पुरळ उठलेलं नोंदलं गेलं आहे. धुतल्यावरही खुणेत तेवढा माल राहतो.

आयुर्वेदात बिब्बा थेट देत नाहीत, विटेच्या पुडीत घोळवून शोधन करतात. वीट तेल शोषते, तर्क सरळ आहे. आणि बाळंतिणीच्या लाडवातली गोडंबी म्हणजे बिब्ब्याच्या आतला गर, त्यात तेलाचं कवच नसतं. फोडणाऱ्याचे हात मात्र धोक्यात.

अवांतर: 'कामात बिब्बा घालणं' हा वाक्प्रचार कोणी काढला असेल त्याला पदार्थविज्ञान पक्कं ठाऊक होतं. डाग जात नाही.

---

बांधावरून

आंब्याचं राहिलं. देठ तुटताच पहिल्या काही क्षणांत चीक जोराने उडतो, ओठ-गाल पोळतात ते त्याने. फळ ४-५ सेंटीमीटर देठासह उतरवायचं. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा 'नूतन' झेला त्यासाठीच आहे, देठासकट कापतो. मग सावलीत देठ कापून फळ पालथं ठेवायचं आणि चीक निथळू द्यायचा. खाण्याआधी पाण्यात ठेवायची घरोघरची सवय चांगली आहे, देठाकडचा भाग मात्र चोळून धुवा. ज्यांचे ओठ दरवर्षी फुटतात त्यांनी दाताने साल ओढून खाऊ नये. दुसऱ्याने सोललेल्या फोडी बहुतेकांना चालतात, कारण त्रासदायक द्रव्य साल आणि चिकात आहे, गरात नगण्य.

---

तणकट

आता गवताच्या बंदोबस्ताकडे येतो.

आधी इतिहासाचं एक वाक्य, कारण लोक विचारतात. हे गवत मूळचं उष्ण कटिबंधीय अमेरिकेतलं. आपल्याकडे १९५० च्या दशकाच्या मध्यावर पुण्यात त्याची नोंद झाली. आयात गव्हाबरोबर आलं असं सर्वत्र सांगितलं जातं, 'काँग्रेस' हे नाव त्याच काळाचं. 'चटक चांदणी' हे नाव जास्त गोड, पण चटक्याचा उल्लेख त्यातही आहेच.

उपटायचं कधी: जमीन ओली असताना, फुलं यायच्या आधी. फूल आल्यावर उपटणं म्हणजे लव आणि पराग स्वतःच्या तोंडावर झटकणं, शिवाय एका झाडाला हजारोंनी बी. बी मातीत काही वर्षं जिवंत राहतं, त्यामुळे एका वर्षाच्या मोहिमेने काही होत नाही. नुसतं कोयत्याने कापू नका, बुडातून पुन्हा फुटतं.

उपटलेलं काय करायचं: फुलापूर्वीचं असेल तर खड्ड्यात कुजवा, शेण आणि मातीचे थर देऊन. फुलावरचं असेल तर खतात बी जातं. वाळवून पेटवू नका, धुरातून कण उडतात आणि शेजारच्या वस्तीत ज्याला आधीच ॲलर्जी आहे त्याचे डोळे बंद होतात.

मिठाचं पाणी: पडीक जागेवर १५ ते २० टक्के, म्हणजे लिटरला १५० ते २०० ग्रॅम साधं मीठ, कडक उन्हात, फुलापूर्वी, पान पूर्ण भिजेल असं. शेतात मुळीच नाही, जमीन खारवते.

मेक्सिकन भुंगा: झायगोग्रामा नावाचा, १९८४ साली बंगळूरमध्ये सोडला. हा पानं खाऊन झाड बोडकं करतो. पावसाळ्यात काम करतो, पुढे जमिनीत जाऊन झोपतो. एका जागी ५०० ते १००० प्रौढ भुंगे सोडण्याची शिफारस असते. सूर्यफुलावर जातो अशी ओरड मधे झाली होती, मोठं नुकसान दिसलं नाही. ज्या जागी भुंगा आहे तिथे तणनाशक मारू नका, त्याचंच अन्न संपतं. जबलपूरच्या तण संशोधन निदेशालयातर्फे दर ऑगस्टमध्ये जागृती सप्ताह होतो, भुंग्यांसाठी जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात तेव्हाच विचारणं सोयीचं.

मोकळ्या जागी टाकळा वाढू द्या. तो गाजर गवताला दाबतो आणि भाजीही होते.

---

शंकासूर

ज्याला ॲलर्जी आहे त्यानेच उपटायचं असेल तर?

---

तणकट

त्याने उपटू नये. हे एकच काम दुसऱ्याला सांगावं. नाइलाज असेल तर पूर्ण बाह्या, गळाबंद शर्ट, नायट्राइल मोजे मनगटाच्या वर बाहीवर ओढलेले, डोळ्यांना चष्मा, नाका-तोंडावर फडकं. सकाळी दंव असताना करा, कण कमी उडतात. घरात शिरण्यापूर्वी कपडे काढून वेगळ्या बादलीत टाका, घरच्यांच्या कपड्यांत मिसळू नका. आधी हात-तोंड साबणाने, नखं घासून, मग आंघोळ. डोक्यावरून पाणी घ्या, केसांत अडकलेला माल रात्री उशीवर उतरतो.

---

औषधपेटी

मलमांबद्दल लिहितो, कारण सगळ्यांत जास्त घोळ दुकानाच्या काउंटरवर होतो.

एकाच ट्यूबमध्ये स्टिरॉइड, बुरशीचं औषध आणि प्रतिजैविक, असं तिहेरी मलम मागून घेऊ नका. तीनपैकी दोन औषधांचा इथे उपयोग नाही आणि निओमायसिनसारखं प्रतिजैविक स्वतःच संपर्क-ॲलर्जी देतं. औषधाने आजार वाढतोय हे मग ओळखूच येत नाही.

कुठे काय: चेहरा, पापण्या, जांघ या पातळ जागी सौम्य, म्हणजे हायड्रोकॉर्टिसोन १ टक्का, तेही थोडे दिवस. क्लोबेटासोलसारखं जहाल स्टिरॉइड चेहऱ्याला लावू नये, कातडी पातळ होते, रक्तवाहिन्या दिसू लागतात, बंद करताच आग होते. चेहऱ्यावर लांब मुदतीला डॉक्टर टॅक्रोलिमस देतात, त्याने कातडी पातळ होत नाही.

किती: तर्जनीच्या शेवटच्या पेराएवढी मलमाची रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम. तेवढ्यात दोन तळव्यांएवढी जागा होते. चेहरा आणि मान मिळून अडीच पेरं, एक हात तीन, पंजा एक, एक पाय सहा. लोक याच्या निम्मं लावतात आणि 'औषध लागू पडलं नाही' म्हणतात.

कोरडेपणाला आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच साधं व्हॅसलीन किंवा पांढरं मॉइश्चरायझर, सुगंध नसलेलं. चंदन, हळद, कडुनिंबाचा लेप चिघळलेल्या जागी नको. वनस्पती म्हटलं की निरुपद्रवी असा समज असतो, आणि हा सगळा धागा वनस्पतींबद्दलच आहे.

---

त्वचेचा वही-खाता

औषधपेटींना +१. पुढच्या पायरीबद्दल: पुरळ फार पसरलं तर पोटातून प्रेडनिसोलोन देतात आणि ते दोन-तीन आठवड्यांत हळूहळू उतरवतात. पाच दिवसांत बरं वाटलं म्हणून गोळ्या थांबवल्या की पुरळ दामदुपटीने परततं, कारण टी-पेशी अजून त्वचेतच असतात.

जुन्या, बारमाही झालेल्या आजारात ॲझाथायोप्रिन किंवा मेथोट्रेक्सेट वापरतात. ही डॉक्टरांच्या देखरेखीखालचीच औषधं. ॲझाथायोप्रिन पचवणारी विकरं काही जणांत जन्मतः कमकुवत असतात, त्यांच्या पांढऱ्या पेशी झपाट्याने घसरतात, म्हणून सुरुवातीला वारंवार रक्त तपासावं लागतं. युरिक ॲसिडसाठी ॲलोप्युरिनॉल चालू असेल तर ते आवर्जून सांगा, दोन्ही एकत्र धोकादायक ठरतात. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच असतं, रोज घेतल्याने माणसं दगावली आहेत.

ताबडतोब जायचं ते कधी: डोळे उघडेनासे झाले, पू आणि ताप आला, किंवा अंगाची बहुतेक कातडी लाल होऊन कोंडा झडायला लागला. शेवटच्यात कातडीतून ऊब, पाणी आणि प्रथिनं वाहून जातात. थंडी वाजते, पाय सुजतात. ते घरी बसून बरं होत नाही.

---

शंकासूर

शेवटचं. टी-पेशींची ही आठवण कधी पुसते का? आणि गाजर गवत असलेल्याने आणखी कशाला जपायचं?

---

पेशीपुराण

पुसत नाही असंच धरून चाला. संपर्क बरीच वर्षं तुटला तर धार कमी होते, पण पुन्हा मोठी मात्रा आली की परत चढते. पहिल्या प्रकारात धुळीतल्या किड्यांसाठी किंवा परागांसाठी जशी थोडी थोडी मात्रा वाढवत नेण्याची उपचारपद्धत आहे, तशी खात्रीची पद्धत दुसऱ्या प्रकारात नाही. 'रोज थोडं गवत हाताळा, सवय होईल' हा सल्ला म्हणून घातक आहे.

---

त्वचेचा वही-खाता

जपायचं ते त्याच कुळातल्या फुलांना. शेवंती सगळ्यांत आधी. हार करणाऱ्या, देवळाबाहेर फुलं विकणाऱ्या माणसाला गाजर गवताची ॲलर्जी असेल तर शेवंतीने बोटांची टोकं फुटू शकतात. सूर्यफुलाच्या शेतात काम करतानाही तेच. सूर्यफुलाचं खायचं तेल वेगळं, गाळून शुद्ध केलेल्या तेलात ही द्रव्यं राहत नाहीत. शेवंती-कॅमोमाइलचे लेप, सौंदर्यप्रसाधनं आणि 'नैसर्गिक' क्रीमच्या मागची यादी मात्र वाचून घ्या.

---

बांधावरून

आमच्या भागात गौरी-गणपतीत शेवंतीचे हार आणि गाजर गवताचं फूल एकाच वेळी भरात असतात. त्यामुळे त्या पंधरवड्यात पुरळ वाढलं तर दोन्हीकडे बघायला हवं. @तणकट, टाकळ्याचं बी एकरी किती फेकायचं ते लिहाल का? आणि उन्हाळ्यात की पहिल्या पावसानंतर?

---

तणकट

पावसाच्या तोंडावर, एप्रिल-मे मध्ये फेकून ठेवा, म्हणजे गाजर गवताच्या आधी उगवतं. मात्रा जागेवर अवलंबून. बी कडक कवचाचं असतं, सगळं पहिल्या वर्षी उगवत नाही, म्हणून हात सैल सोडा. बी विकत घ्यायची गरज नाही, दिवाळीनंतर रस्त्याकडेच्या वाळलेल्या शेंगा गोळा करून ठेवा. फक्त त्या गोळा करताना शेजारी वाळलेलं गाजर गवत उभं असतं, तेव्हा मोजे आणि फडकं तिथेही हवं.